मोटार जळाली आणि कंपायलर गप्पच होता

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी साडेसातला अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन : "भाऊ, मोटार जयी गयी." साडेसात एचपीची सबमर्सिबल. आमचं कंट्रोलर बसवून जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि ते विकलं होतं ते याच बोलीवर की विहिरीतलं पाणी उतरलं की मोटार आपोआप बंद होणार.

जळगावात आम्ही तिघं मिळून हे बोर्ड बनवतो. फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम, सी भाषेतलं; लिहिणारा मी एकटा. त्याचं चिपला कळेल असं रूप करतो तो कंपायलर. रात्रपाळीची लाईट आली की ऑटो (आपोआप चालू करणारा स्टार्टर) मोटार सुरू करतो आणि शेतकरी निवांत झोपतो. पाणी संपलं की मोटारीवरचा लोड उतरतो, करंट घसरतो. सीटीवरून (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) ते कळलं की काँटॅक्टर, म्हणजे मोटारीची लाईट जोडणारा मोठा स्विच, सोडायचा, एवढंच काम. सबमर्सिबलचं बेअरिंगही पाण्यावर फिरतं आणि वायंडिंगही पाण्यानेच गार राहतं, त्यामुळे ती कोरडी चालली की तिचं काही खरं नाही.

बोर्ड टेबलावर घेतलं. सीटीचं रीडिंग बरोबर, रिले ठणठणीत. शेवटी जीसीसी या कंपायलरला मायनस-ई देऊन प्रीप्रोसेसरच्या (कंपाईल होण्याआधी #च्या ओळी सोडवणारा टप्पा) हातून सुटल्यावर फाईल कशी दिसते ते पाहिलं. ड्रायरनचं, म्हणजे मोटार कोरडी चालतेय का ते बघणारं, फंक्शन जागेवर होतं, पण आत काहीच नव्हतं. महिरपी कंस उघडला, कंस मिटला.

महिनाभरापूर्वी मी एका लांबलचक फाईलच्या दोन केल्या होत्या. नव्या फाईलमध्ये फ्लॅग्जची (कोणती सोय चालू, कोणती बंद) हेडर फाईल जोडायची राहिली. सगळा कोड #इफडेफ ड्रायरनच्या आत, म्हणजे हे नाव ठरवलेलं असेल तरच कोड ठेवायचा, आणि त्या फाईलपुरतं ड्रायरन नावाचं काही नव्हतंच. #इफडेफला 'बंद आहे' आणि 'हे नाव मी ऐकलेलंच नाही' यांत फरक कळत नाही. त्याने निमूटपणे कोड गाळला, कंपाईल झालं, एक वॉर्निंग नाही. (याची उलटी गंमत सिंगल फेजच्या बोर्डात सापडली : तिथे जीएसएम (मोबाईल नेटवर्कचा भाग) बंद करायला फ्लॅगला 0 दिला होता, पण #इफडेफ फक्त नाव आहे का एवढंच बघतं, किंमत बघत नाही. म्हणजे तो चालूच!)

पहिला उपाय सोपा वाटला : #इफडेफच्या जागी किंमत बघणारं #इफ. पण #इफमध्ये अनोळखी नावाची किंमत 0 धरतात, हा भाषेचाच नियम. म्हणजे हेडर विसरली तर पुन्हा तीच शांतता. मग कंपायलरला मायनस-डब्ल्यूअनडेफ लावलं : #इफमध्ये अनोळखी नाव आलं की वॉर्निंग. हे वॉर्निंग वॉल आणि एक्स्ट्रा या नेहमीच्या दोन्ही वॉर्निंग-संचांत येत नाही, वेगळं मागावं लागतं. मी ते थेट एररच केलं. चिपवाल्यांच्या हेडरमधूनच पानभर ओरड आली. त्यांचा फोल्डर मायनस-आयसिस्टिमने (यातल्या फाईलींची वॉर्निंग दाखवू नको) जोडला तेव्हा ती थांबली.

तरी उद्या कोणी मेकफाईलमधून (बिल्डच्या सूचनांची फाईल) ते वॉर्निंग काढलं तर? म्हणून एक जुनी युक्ती घेतली. खरी नावं रोमन आहेत, इथे वाचायला सोपी केलीत :

#डिफाईन चालू +
#डिफाईन बंद -
#डिफाईन आहे_का(फ) ((1 फ 1) == 2)

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे चावटपणाचं वाटलं होतं. फ च्या जागी फ्लॅग येतो. हेडरमध्ये ड्रायरनपुढे चालू लिहिलं असेल तर 1 + 1, उत्तर दोन. बंद असेल तर 1 - 1. नाव चुकलं तर मधे 0 येतो, 1 0 1 हे गणितच होत नाही आणि कंपायलर तिथल्या तिथे अडतो. हेडरच विसरली तर आहे_का हेच नाव अनोळखी, मग पुढच्या कंसावर अडतो. मला हवं होतं ते एवढंच, कुणीतरी ओरडणं.

बोर्डाच्या तीन व्हेरिएंटमधले (प्रकार) #इफडेफ काढायला दोन रविवार गेले. जमेल तिथे #इफसुद्धा काढून साधा इफ (आहे_का(ड्रायरन)) घातला. त्यामुळे बंद असलेला कोडही कंपायलर वाचतो, चूक दाखवतो आणि ऑप्टिमायझेशनमध्ये टाकून देतो. कोड ज्या रजिस्टरला (चिपमधली ठरावीक जागा) हात घालतो ते ज्या बोर्डावर नाहीच तिथे मात्र #इफला पर्याय नाही. ड्रायरन चालू पण सीटी बंद, अशा अडाणी जोड्यांसाठी बिल्ड तिथेच थांबवणारे #एरर लिहिले. रोज रात्री तिन्ही व्हेरिएंट बिल्ड होतात. आधी मी फक्त हातातलाच करायचो.

मोटार रिवाइंड करायचा खर्च आम्हीच दिला, पैसे मोजायला मी स्वतः गेलो होतो. नवं फर्मवेअर टाकताना एक भर घातली : बोर्ड सुरू झालं की कोणते फ्लॅग चालू आहेत त्याचा एसएमएस जातो. शेतकऱ्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तो वाचला, मग विहिरीतला पाईप वर ओढून पंप मुद्दाम कोरडा चालवायला लावला. काही सेकंदांत काँटॅक्टर खटकन सुटला. त्याने पुन्हा चालू करायला सांगितलं. असं चार वेळा.