नव्वद पैशांचा फोटो

दुकानातल्या मुलानं काउंटरवर मऊ कापड पसरलं, त्यावर कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, ‘‘अंकल, हाथमां तो ल्यो.’’ तिथंच माझं चुकलं. हातात घ्यायला नको होता. वजन असं, की तळहाताला कुणीतरी विश्वासानं काहीतरी सोपवल्यासारखं वाटलं. बटण दाबलं तर आवाज फोनसारखा खोटा नाही. सागवानी कपाटाचं दार नीट बसावं तसा. किंमत लेन्ससह एक लाख ऐंशी हजार.

‘‘पक्ष्यांचे फोटो येतील ना?’’ मी विचारलं. हिवाळ्यातल्या रविवारी मी डभोईकडच्या वढवाणा तलावावर जातो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथं पाण्यावर बसलेले असतात, आणि माझ्या फोनमध्ये ते ताकावर मिरपूड भुरभुरल्यासारखे दिसतात.

‘‘पक्षी माटे तो बीजी लेन्स जोईए,’’ मुलगा म्हणाला. तिची किंमत जवळजवळ तेवढीच. म्हणजे बंगला घेतला, आता जिना वेगळा घ्या.

घरी येऊन हिशेब मांडला. आम्ही बडोद्याचे मराठी; तीन पिढ्या गुजरातेत काढल्यावर हिशेब आपोआप येतो. अशा कॅमेऱ्याचं शटर दोन लाख फोटो टिकेल असं कंपनी सांगते. एक लाख ऐंशी हजार भागिले दोन लाख, म्हणजे एक फोटो नव्वद पैशांना. नव्वद पैशांत हल्ली कोथिंबिरीची काडीसुद्धा मिळत नाही! मी हे मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं.

‘‘फोनमध्ये किती आहेत?’’ तिनं विचारलं.

चार वर्षांत अकरा हजार. तिनं चष्मा लावून ते वर सरकवायला घेतले. गॅसचं बिल. डॉक्टरची चिठ्ठी. पार्किंगचा खांब, बी-१४. कुणाच्या तरी लग्नातली जिलबी. पुन्हा गॅसचं बिल, कारण पहिलं हललं होतं. या वेगानं दोन लाख व्हायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील. मी आत्ता चोपन्न वर्षांचा आहे.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथल्याच कलाभवनात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. तेव्हा कुणी त्यांना गॅसची बिलं मोजायला लावली नव्हती.

‘‘फाळक्यांनी हरिश्चंद्र पडद्यावर आणला,’’ बायको म्हणाली, ‘‘तुम्ही घरात आणाल.’’

यावर उत्तर नव्हतं. होमाई व्यारावालांचा विषय मी मुद्दामच काढला नाही. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यांवर स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपलेल्या. त्यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच, आणि उतारवय आमच्याच गावात काढलं. साक्षीदार मोठा, पण उलटायची भीती.

महागडा कॅमेरा काहीच देत नाही असं मात्र नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. फोनचा करंगळीच्या नखाएवढासुद्धा नसतो. पागोळीखाली वाटी ठेवली काय आणि घंगाळ ठेवलं काय, तोच फरक. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर हे कळतं. दिवे पिवळे, माणसं सतत फिरती, आणि फोन त्या गिरक्यांचं शिकरण करून ठेवतो. मोठ्या सेन्सरवर घागऱ्याचा आरसा न् आरसा वेगळा दिसतो. उलट विश्वामित्रीच्या पुलावरून मगर टिपायची तर ती तासभर हलत नाही. तिच्यासाठी सेकंदाला वीस फोटो काढणारं यंत्र म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

आणि काढून करायचं काय? चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतून वीस बाय तेरा इंचांची सुरेख प्रिंट निघते. आमच्या भिंतीवरचा शेवटचा फ्रेम केलेला फोटो २००९ चा आहे. बाकीचं सगळं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. तिथं ॲप त्याचं पार पोतेरं करतं आणि पुण्याची आत्या त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकते. लाखभराचं तेज शेवटी त्या हात जोडण्यासाठी.

या सगळ्या विचारात माळ्यावरून नानांचा आग्फा क्लिक थ्री खाली काढला. हा डबा बडोद्याचाच; न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात असे कॅमेरे बनत. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. बटणं दोन-तीन, त्यातल्या एकावर सूर्य आणि ढग. सूर्य पाठीशी घ्यायचा हा नानांचा नियम, त्यामुळे आमच्या अल्बममध्ये अख्खं घराणं डोळे बारीक करून उभं आहे. रोल तीन-तीन महिने पुरवला जाई. ‘‘एकच उरलाय,’’ असं नाना जाहीर करत आणि तो एक कुणासाठी ठेवायचा यावर जेवताना चर्चा चाले. एकदा तो मामाच्या नव्या स्कूटरसाठी राखला आणि आजी चार दिवस कुणाशी बोलली नाही.

लेन्सवर बुरशीची बारीक जाळी दिसत होती. इथल्या पावसाळ्यानं कुणाला सोडलंय. तरी एक रोल मागवला. त्यात बसणारा ‘१२०’ प्रकारचा रोल अजून मिळतो. रोल, धुलाई आणि कुरिअर धरून दीड हजार. भागिले बारा, म्हणजे एक फोटो सव्वाशे रुपयांना. फुकटात मिळालेल्या डब्याचा सव्वाशेला, लाखाच्या कॅमेऱ्याचा नव्वद पैशांना. हे गणित मी दोनदा करून पाहिलं.

रविवारी सकाळी बायको गॅलरीत कढीपत्ता खुडत होती. फोन रोखला तर ती हल्ली मान वर करत नाही. क्लिक थ्री पाहून म्हणाली, ‘‘हे काय?’’

‘‘सव्वाशेचा आहे. एक.’’

‘‘मग आधी सांगायचं नाही?’’ ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग बराच वेळ काहीच नाही. इकडे मोबाइल वाजला: दुकानातल्या मुलाचा मेसेज, दिवाळी ऑफर, बॅग आणि मेमरी कार्ड मोफत. मी तो उघडा ठेवला तेवढ्यात ती आली. मोरपंखी साडी, केस नीट, चष्मा काढून हातात धरलेला. कठड्याला टेकून उभी राहिली, मग टेकणं बरं दिसत नाही म्हणून सरळ झाली. सूर्य माझ्या पाठीशी होता. तिनं डोळे बारीक केले.

दाबलं. आवाज जेमतेम, चिमणीनं दाणा उचलावा एवढा.

‘‘काढला? दाखवा.’’

‘‘लगेच नाही दिसत यात.’’

‘‘डोळे मिटले असतील तर?’’

‘‘तर मिटले.’’

ती तशीच उभी राहिली, अजून एक निघेल या हिशेबानं. मी वरचं चाक हळूहळू फिरवू लागलो. मागच्या लाल खिडकीतून आधी ठिपके सरकले, मग २ चा आकडा येऊन थांबला.