खारपाणपट्ट्यातला कूलर आणि तीन ताट्या

आमचा कूलर पत्र्याचा आहे, मागच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर बसवलेला. दरवर्षी गुढीपाडवा झाला की मिस्त्री यायचा, ताट्यांमधलं, म्हणजे कूलरच्या तीन बाजूंच्या जाळीच्या चौकटींमधलं, जुनं गवत काढून नवं भरायचा, पंप चालवून बघायचा आणि जायचा. यंदा तो लग्नसराईत अडकला. फोन केला की "दोन दिवसांत येतो वहिनी" म्हणायचा. दोनाचे बारा दिवस झाले. एप्रिलचा दुसरा आठवडा लागला, पारा ४२ च्या वर गेला. जुन्याच ताट्यांवर कूलर लावून बघितला, तर पाच मिनिटांत खोलीभर कुबट वास सुटला आणि सासूबाईंना दम्याची उबळ आली. त्यांची पाठ चोळता चोळताच ठरवलं की हे काम आता आपणच करायचं.

सकाळी सहालाच पाना-पकड घेऊन मागे गेले. चुलत दीर वायरिंगची कामं करतात, ते शेताकडे निघाले होते. लांबूनच ओरडले, "वहिनी, हात लावाच्या आंधी पिन काढली का?"

"बटन बंद केलंय भाऊजी."

"बटन नाही, पिन. बोर्डात वायरी उलट्या लागल्या असल्या तर बटन बंद करूनही कूलरात करंट रायते."

हे मला माहीत नव्हतं. बटनाने फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तुटायला हवी, पण वायरी उलट्या असल्या तर नुसता न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटतो. पंखा थांबतो, पंप थांबतो, आणि आतली वायर मात्र जिवंतच राहते. कूलर पत्र्याचा, खाली पाणी, आपण अनवाणी ओल्या जमिनीवर. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात. त्यात पाणी भरताना गेलेल्या बायका असतात, खेळताना हात लागलेली लेकरं असतात. म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते: पिन काढून ती डोळ्यांना दिसेल अशी बाहेर ठेवा, मगच कूलरला हात लावा. पाणी भरतानासुद्धा.

पहिली ताटी काढली तेव्हा ती हातात पेलवेना, इतकी जड झाली होती. कोरडं गवत एवढं जड कसं, म्हणून उन्हात धरून बघितलं. लाकडाच्या बारीक चिरफळ्यांचं ते पिवळं गवत राहिलंच नव्हतं. प्रत्येक काडीवर पांढरा थर चढलेला, काड्या एकमेकींना चिकटून कडक पापडी झालेली. बोटानं दाबली की कडकन मोडायची आणि खाली पांढरा भुगा पडायचा. खालच्या अर्ध्यात तर उजेडसुद्धा आरपार येत नव्हता. उरलेल्या जागेत काळी-तपकिरी धूळ. ती तुरीची. जानेवारीत आमच्या खळ्यात हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, चालतो आणि वाऱ्याचा रोख घराकडे असतो. कूलरवर झाकण नव्हतं. म्हणजे सासूबाईंच्या छातीत गेलं ते हे सगळं.

पांढऱ्या थराचं कारण आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. शहानूर धरणावरच्या योजनेचं नळाचं पाणी येतं, पण रोज नाही, आणि ते पिण्या-स्वयंपाकाला पुरवून वापरावं लागतं. कूलरला जातं ते बोअरचंच. इतकी वर्षं मी कूलरमध्ये बादल्या ओतत आले, पण त्या पाण्याचं पुढे काय होतं याचा विचार केला नव्हता.

कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ करून. बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या गवतातून ओढली जाते, पाणी उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून तो आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कामाचा आणि पावसाळ्यात दमट हवेत निकामी. पण वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार जागेवरच राहतात. आमचा कूलर रात्रभरात पाच बादल्या, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास पाणी पितो. लिटरमागे क्षार १ ग्रॅमच धरला तरी एका रात्रीत ७५ ग्रॅम, आणि महिनाभरात सव्वादोन किलो. ते जाणार कुठे? काही टाकीत, बाकी गवतावर. आणि आम्ही काय करायचो, टाकी कधी रिकामी न करता कमी झालेलं पाणी वरून भरत राहायचो. दिवसागणिक टाकीतलं पाणी जास्त खारट, गवत जास्त कडक. दरवर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागेपर्यंत कूलर गरम हवा का फेकायचा, ते त्या ताटीकडे बघून कळलं.

माप सुतळीनं घेतलं. तिन्ही ताट्यांची लांबी-रुंदी गाठी मारून दर्यापूरला नेली, कारण तयार मिळणारी गवताची गादी दोन बोटं जरी कमी पडली तरी तिथून गरम हवा सरळ आत येते. हवा सोपी वाट धरते, ओल्या गवतातून कशाला जाईल? दुकानदारानं मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी दाखवली, हनीकॉम्ब. गोडं पाणी असेल तर ती तीन-चार वर्षं सहज टिकते आणि गार पण जास्त करते. मी घेतली नाही. आमच्या पाण्यानं तिची बारीक भोकं लवकर बुजतील आणि एवढी महाग वस्तू फेकवणार नाही, मग तशीच बुजलेली वापरत राहू. आमच्यासारख्या पाण्याला स्वस्त गवत बरं, दरवर्षी निर्धास्त बदलता येतं. दोन बाजूंना ते घेतलं. तिसऱ्या बाजूला, जी सासूबाईंच्या खाटेच्या रोखानं येते, तिथं वाळा. तो महाग पडला, पण माठात वाळ्याची जुडी टाकणारी आमची पिढीजात सवय, आणि त्यांना तो वास आवडतो.

गवत भरण्यात एक गोष्ट चुकली. जाळीत सारखं पसरून तारा बांधल्या, छान दिसलं. पाणी सोडल्यावर तासाभरात गवत खाली बसलं आणि वरच्या कडेला चार बोटांची फट पडली. ताटी पुन्हा उतरवली, वरच्या भागात मूठमूठ गवत जास्त दाबलं आणि मध्ये एक आडवी तार ओढली. दुसऱ्या दोन्ही ताट्या मग तशाच भरल्या.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "काऊन वो, अर्धा दिवस झाला. मिस्त्री तं घंट्याभरात जाये."

मिस्त्री घंट्याभरात का जायचा ते पुढे दिसलं. वरून पाणी सोडणाऱ्या नळीची निम्मी भोकं क्षारानं बंद होती. ती कोणी उघडलीच नव्हती, त्यामुळे ताटीची एक बाजू वर्षानुवर्षं कोरडीच चालली. गोधडी शिवायच्या दाभणानं एकेक भोक मोकळं केलं. पंपाची जाळी आणि नळी कोमट पाण्यात लिंबाचं सत्त्व टाकून रात्रभर बुडवली. थरावर बारीक बुडबुडे येत राहिले, सकाळी तो बोटानं निघाला. साध्या पाण्यानं तो निघत नाही, कारण तो मीठ नसून चुनखडीचा थर असतो.

आणि पंपाची वायर. तिला मध्येच जोड होता, काळी टेप गुंडाळलेला, आणि तो जोड टाकीच्या तळाशी पाण्यात लोळत होता. गेल्या उन्हाळ्यात पोराला कूलरला हात लागून झिणझिण्या आल्या होत्या आणि आम्ही "ओला हात असेल" म्हणून सोडून दिलं होतं. तो जोड हातात धरून मी बराच वेळ बसून होते. संध्याकाळी भाऊजींनी अखंड वायरीचा नवा पंप बसवला, कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची वायर जोडली, तीन पिनांचा प्लग लावला आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअर करंट गळला तरी आपोआप बंद पडणारा स्विच टाकून दिला. अर्थिंगचा खड्डा त्यांनी उकरून दाखवला, माती ठणठणीत कोरडी. कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही, उन्हाळ्यात तिथं पाणी टाकावंच लागतं.

तेव्हापासून टाकी दर तिसऱ्या दिवशी बुडापासून रिकामी करते. ते खारट पाणी झाडांना घालत नाही, अर्थिंगच्या खड्ड्यात ओतते. शनिवारी टाकी घासून दिवसभर कोरडी ठेवते. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, काथ्यानं घासावं लागतं.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी ताट्या उतरवून बघितल्या. मागच्या वर्षी याच सुमारास त्या पांढऱ्या झाल्या होत्या. यंदा खालच्या कडेला दोन बोटं रुंद पांढरी रेघ होती, वरचं गवत पिवळंच, हाताला मऊ. नळीचं एक भोक बंद होतं. दाभणानं ते उघडलं, ताट्या चढवल्या आणि पिन लावली.