खळ्यातल्या लाद्या आणि गंजाचे डाग: माझा अनुभव

आमचं घर मालवणच्या अलीकडे. घरातून समुद्र दिसत नाही, पण लोखंडाला तो बरोबर दिसतो. ग्रिलला रंग देऊन जेमतेम दोन पावसाळे झाले की पापुद्रे सुटतात, कुलूप महिनाभर बंद राहिलं की किल्ली फिरत नाही. खाऱ्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि गंज लवकर चढतो. इथल्या माणसाला हे सांगायला नको. लाद्यांचा मात्र कोणी विचार करत नाही, कारण लादी काही गंजत नाही. गंजतं वरचं लोखंड, आणि पाऊस तो गंज खाली आणून सोडतो.

यंदा नवरात्र सरल्यावर खळ्यातलं, म्हणजे घरापुढच्या अंगणातलं, शेवाळ घासून काढलं आणि खालचे डाग उघडे पडले. पुढच्या पडवीच्या पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे नारिंगी ठिपक्यांची सरळ रांग. कुंड्यांच्या लोखंडी स्टँडखाली चार पायांची चार वर्तुळं. बोअरच्या नळाखाली पसरलेला तांबूस पट्टा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओटीच्या पायरीवर, सासूबाईंनी हौसेने घातलेल्या मोझेकवर, गंजक्या कोयत्याचा अख्खा ठसा. नारळ सोलून कोयता कोणी तिथे ठेवला होता, हे घरात अजून कोणी कबूल केलेलं नाही. तुळशीचं लग्न ह्याच खळ्यात लागतं, त्यामुळे तोवर काहीतरी करायलाच हवं होतं.

आमच्याकडे आधी एक गोष्ट बघून घ्यावी लागते. लाल दिसलं म्हणजे गंज असतोच असं नाही. गडगा (कुंपणाची भिंत) चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, माती चिऱ्याची, पावसात त्याचाही लाल चिखल लादीवर उडतो. चिऱ्याचा लाल रंगही लोखंडाचाच, पण तो चिखल वरवर बसतो. सुकल्यावर झाडूने आणि साबणाच्या पाण्याने जातो. गंजाचा डाग घासून फिकासुद्धा होत नाही. माझे अर्धेअधिक डाग त्या पहिल्या धुण्यातच गेले.

उरलेल्यांसाठी सल्ल्यांची कमतरता नव्हती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ब्लीच टाका. ब्लीचने शेवाळ मरतं, पण गंजाला ते काही करत नाही. गंज म्हणजे आधीच ऑक्सिजन घेऊन बसलेलं लोखंड, त्याला आणखी ऑक्सिजन देऊन काय होणार? नळाचं काम करायला आलेला मुलगा म्हणाला, "काकी, ॲसिड वतूया, दोन मिनटांत डाग जातलो." डाग जातो, हे खरं आहे. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ते धुराचं ॲसिड लाद्यांमधलं सिमेंट खातं, विरघळलेलं लोखंड भेगांत आणि छिद्रांत मुरवतं आणि सुकल्यावर तिथे पिवळी झाक वर येते. शिवाय त्याच्या वाफेने शेजारचं ग्रिलही गंजतं. मी त्याला चहा दिला आणि ॲसिड नको म्हटलं.

त्याऐवजी लिंबू कापलं. घर बांधताना उरलेल्या लाद्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, पडून होत्या, त्यांतल्या एकेकीवर लिंबाचा थेंब टाकून बघितला. खळ्यातल्या पार्किंग टाइलवर काहीच झालं नाही, थेंब तसाच बसून राहिला. मोझेकच्या तुकड्यावर मात्र जवळून बघितलं तर संगमरवराच्या चिपांच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे उठत होते, आणि थेंब पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली. म्हणजे मोझेकला लिंबूसुद्धा नको, चिंच-कोकम तर नकोच. तांब्याची घागर आमसुलाने लख्ख होते म्हणून पायरीही होईल असं नाही. कडाप्पा, कोटा, संगमरवर, सिमेंटची चेकर्ड टाइल ह्या सगळ्यांना कमीजास्त हाच नियम.

पार्किंग टाइलसाठी मी ऑक्झॅलिक ॲसिड आणलं. पांढरे स्फटिक असतात, मोझेकला पॉलिश करणारे वापरतात, त्यामुळे हार्डवेअरवाल्याला नाव सांगितलं की कळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. हे विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. कोंबड्या कोंडल्या, कुत्र्याला मागे बांधलं. ब्लीचने शेवाळ काढलं असेल तर आधी भरपूर पाण्याने धुऊन जागा पूर्ण सुकू द्यायची, कारण ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

लादी आधी साध्या पाण्याने चिंब करायची, म्हणजे ॲसिड सांध्यांतल्या सिमेंटमध्ये खोल शिरत नाही. मग डागावर द्रावण ओतून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मी उकिडवी बसून बघत होते. नारिंगी ठिपक्याची कड आधी अस्पष्ट झाली, मग पाण्याला हिरवट-पिवळी झाक आली. लोखंड सुटून पाण्यात उतरतंय त्याची ती खूण. त्यानंतर नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची तारेची घासणी ह्या कामाला अजिबात घ्यायची नाही, तिचे बारीक कण लादीत अडकतात आणि पुढच्या पावसात तेच गंजतात. शेवटी खाण्याचा सोडा भुरभुरून भरपूर पाण्याने धुवायचं. ते पाणी तुळशीच्या मुळाशी जाऊ नये म्हणून मी मातीचा छोटा बांध घातला.

पागोळ्यांची रांग पहिल्या हातातच निम्मी गेली, बाकी पुढच्या धुण्यांत. स्टँडची वर्तुळं चिवट निघाली. त्यांवर टिश्यू पेपरचा जाड थर त्याच द्रावणात भिजवून ठेवला, वर प्लास्टिक झाकलं आणि कडेला दगड ठेवले, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात ते लगेच सुकत नाही. सांधे मात्र शेवटपर्यंत थोडे तपकिरी राहिले. मी ते तसेच सोडले. सांधा नव्याने भरून घेणं सोपं, उगाच ॲसिड पाजून पोकळ करण्यापेक्षा.

पायरीला जास्त डोकं चालवावं लागलं. दगडी वस्तू जतन करणारे लोक गंजासाठी सोडियम सायट्रेट वापरतात, आणि ते घरी करता येतं. १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाऊण लिटर पाण्यात विरघळवलं आणि त्यात खाण्याचा सोडा चमच्याचमच्याने घातला, साधारण १२० ते १३० ग्रॅम, फसफसणं थांबेपर्यंत. फेस भसकन वर येतो, तेव्हा बादली मोठी घ्या. आता त्यात आंबटपणा उरला नाही, म्हणून संगमरवराला लिंबासारखा धोका नाही. पण नुसतं सायट्रेट फार हळू चालतं. त्याच्या जोडीला हवी हायड्रोस पावडर, म्हणजे कोल्हापूरकडे गुळाचा रंग उजळायला वापरतात तीच. कापड रंगवण्याचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. भाचा कोल्हापूरहून येताना घेऊन आला आणि "मामी, गूळ करणार काय?" म्हणून वर विचारून घेतलं. ही पावडर कोरडी ठेवायची. पुडीला ओल लागली तर ती तापते, पेटूही शकते.

कोयत्याच्या ठशावर आधी सायट्रेटमध्ये भिजवलेला कापूस पंधरा मिनिटं ठेवला. मग हायड्रोस चिमटीने भुरभुरली, वर पुन्हा ओला कापूस आणि प्लास्टिक. विझलेल्या काडीचा असतो तसा झणझणीत वास येतो, तेव्हा हे काम उघड्यावरच करावं आणि दमेकऱ्यांनी लांब राहावं. तासाभराच्या आत काढायचं, जास्त ठेवलं तर काळपट पडतं. कापूस उचलला तेव्हा ठशाचं पातं तपकिरीचं राखाडी झालं होतं. भरपूर पाण्याने धुतलं, एक दिवस सुकू दिलं, पुन्हा केलं. आता मूठ कुठे होती ते शोधावं लागतं, पात्याची मात्र तिरप्या उन्हात फिकट रेघ दिसते. त्या जागेची चकाकी किंचित उतरली, तिथे मेणाचं पॉलिश चोळलं.

खरं काम त्याच्यानंतरचं. पत्रा अडकवायच्या J आकाराच्या गंजक्या हुकांमधूनच पागोळ्या लाल होत होत्या. ते सगळे बदलून खाली रबरी वॉशर घातले, पत्र्याच्या कापलेल्या कडा घासून रेड ऑक्साइड मारला आणि पीव्हीसीची पन्हळ लावून पाणी माडाच्या आळ्यात सोडलं. मला विचाराल तर हाताशी पैसे कमी असतील तेव्हा आधी पन्हळ लावावी, डाग काढणं नंतर. स्टँडच्या पायांना रबरी बूच बसवले.

नळाचं दुखणं वेगळं. बोअरचं पाणी बादलीत येतं तेव्हा नितळ असतं, तासाभराने तांबूस होतं, कारण त्यात विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंज होऊन तळाशी बसतं. टाकीत पाणी वरून शॉवरसारखं पडू देऊन रात्रभर निवळायला ठेवतो, त्याने पुष्कळ फरक पडला, पण पट्टा पूर्ण थांबलेला नाही. तिथे पार्किंग टाइलच आहे, त्यामुळे दर रविवारी मूठभर सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून ओतते आणि आंघोळीआधी ब्रश फिरवते.