माळवदावरची माती

गावाकडच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवायला काढलंय. दुपारी जेवून जरा लवंडलो तोच वरनं मिस्त्री ओरडला, "काका, हे माळवद न्हाई, माळरान हाय!" वर जाऊन बघतो तर पांढरी माती, तिच्याखाली चुलीतली राख मिसळलेला करडा थर, मग पुन्हा पांढरी, मग कुणीतरी ज्वारीची चिपाडं अंथरून त्याच्यावर टाकलेली, त्याच्याखाली अजून पांढरीच. किलचनाला, म्हणजे तुळयांवर अंथरलेल्या लाकडांना, कुदळ लागेपर्यंत दोन फूट माती निघाली. मधी एका थरात हिरव्या बांगडीचा तुकडा अन् एकात गोटी, माझी का चुलतभावाची ते आता कोण सांगणार.

मे संपत आला की आबा गाडी जुंपून गढीकडं जायचे, पांढरीची माती आणायला. रानातली काळी चालत नाही, ती उन्हात भेगाळते अन् पाण्यात फुगते. आजी दरवर्षी म्हणायची की आधी जुनी खरवडून काढा मग नवी टाका, पण रोहिण्या तोंडावर आलेल्या, गडी मिळत नाहीत, कोण खरवडतंय, टाक वरच्यावर. मग पाऊस लागला की तीच आजी पोत्याची खोळ घेऊन वर, पायानं माती दाबत, अन् खालून आम्ही पोरं ओरडायलोय, "अजून इकडं, उतरंडीकडं!" ती आवाजाच्या अंदाजानं सरकायची. एवढं करून पाणी वर एकीकडं मुरायचं अन् खाली भलतीकडंच टपकायचं. की परत दोन टोपली.

भाऊ डलासला असतो, त्याला फोटो पाठवले तर म्हणला तिकडं पण छपरावर डांबरी शिंगल, म्हणजे कौलासारख्या पट्ट्या, एकावर एक ठोकतात, पण दोन थरांपर्यंतच, तिसऱ्या वेळी सगळं खालच्या फळीपर्यंत सोलून काढावं लागतं, तसा नियमच हाय. आमच्याकडं असा नियम आला असता तर आबा ग्रामपंचायतीत जाऊन भांडून आले असते.

मिस्त्रीनं खडूनं भिंतीवर हिशोब मांडला. एका घनफुटाला माती चाळीस-पन्नास किलो, दहा बाय बाराची खोली, दोन फूट जाडी, म्हणजे दहा टन तरी. त्याच्याखाली आम्ही ओळीनं अंथरुणं टाकून झोपायचो. झोप मात्र काय लागायची! बाहेर ४३ डिग्री असलं तरी आत पंखा नको. पत्र्याला ते सुख नाही, अन् पावसात पत्रा असा वाजतो की फोनवर समोरचा काय बोलतोय कळत नाही, म्हणून मी पत्रा नको, स्लॅबच टाकू म्हणतोय, बायको म्हणती पैशाचं बघा आधी.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी किल्लारीला भूकंप झाला. विसर्जन करून दमून लोक झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, अन् वर हीच, वर्षानुवर्षं टाकत आलेली माती. हजारो माणसं गेली. आमच्याकडं, उदगीरकडं, नुसतं हललं, उतरंड कोसळली. त्यानंतर गावात बऱ्याच जणांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. आबांनी दिवाळीच्या आधी भेग पडलेली भिंत लिंपून घेतली, अन् मे आला तसं गाडी जुंपून गढीकडं गेले.