पुठ्ठ्याची भोके आणि धाग्याचा पीळ

नॉर्वेतील ट्योन्सबेर्ग या गावात राहायला येऊन मला आता चार वर्षे होतील. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांची खडखड ऐकतच झोपण्याची सवय असलेल्या मुलीला इथली शांतता सुरुवातीला अंगावर येत असे. मागच्या हिवाळ्यात, दुपारचे साडेतीनही वाजले नसताना अंधार पडू लागला, तेव्हा गावातल्या हस्तकलेच्या संध्याकाळच्या वर्गात मी नाव घातले. तिथे जे शिकवले जात होते त्याला इथे ‘ब्रिक्केवेव’ म्हणतात. ब्रिक्के म्हणजे चौकोनी पत्ता आणि वेव म्हणजे विणकाम. माग नाही, धोटा नाही, फणीही नाही. चार कोपऱ्यांना चार भोके पाडलेले पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे चौकोनी पत्ते आणि सूत, एवढ्यावर अरुंद पट्टी विणायची.

हे विणकाम इथल्या मातीत किती जुने आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. ट्योन्सबेर्गच्या जवळच ओसेबेर्ग नावाचे शेत आहे. तिथल्या टेकाडाचे १९०४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा आत एक अख्खे जहाज आणि त्यात दोन स्त्रियांचे अवशेष सापडले. ते दफन इ. स. ८३४ मधले मानले जाते. त्या स्त्रियांसोबत ठेवलेल्या वस्तूंमध्ये ५२ लाकडी पत्त्यांचा एक जुडगा होता आणि त्यात धागे ओवलेले होते. कोणीतरी विणायला घेतलेली पट्टी अर्धीच राहिली होती आणि हजाराहून अधिक वर्षे ती तशीच पत्त्यांवर होती. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला अर्धवट राहिलेला ताणा, म्हणजे विणण्यासाठी ताणलेले उभे धागे, पाहिला की जे वाटते, तेच मला ते ऐकताना वाटले.

आता मूळ कामाबद्दल सांगते. प्रत्येक पत्त्याच्या चार भोकांतून चार धागे ओवायचे. असे सगळे पत्ते गड्डीसारखे एकमेकांना लावून उभे धरायचे, धाग्यांचे एक टोक दाराच्या कडीला आणि दुसरे आपल्या कमरेच्या पट्ट्याला बांधायचे. कमर थोडी मागे झुकवली की ताण बसतो. पत्त्यांच्या वरच्या भोकांतले धागे वर आणि खालच्या भोकांतले खाली, त्यामुळे मध्ये फट तयार होते. त्या फटीतून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घालायचा, दाबायचा आणि सगळी गड्डी एक चतुर्थांश फिरवायची. फिरवल्याबरोबर नवी फट उघडते. चार वेळा फिरवले की पत्त्याचा एक पूर्ण फेरा होतो आणि चारही धागे एकमेकांभोवती पीळ घेतात. म्हणजे प्रत्येक पत्ता आपल्यापुरता एक चार पदरी दोर वळत असतो आणि बाणा ते सगळे दोर शेजारी शेजारी शिवून टाकतो. पट्टीच्या पृष्ठभागावर बाणा दिसतच नाही. दिसतो तो फक्त काठाला. आपल्याकडच्या नवारीपेक्षा ही पट्टी हाताला जास्त घट्ट लागते, त्याचे कारण हा पीळ आहे.

माझा पहिला नमुना बारा पत्त्यांचा होता. मधले आठ पत्ते नक्षीचे आणि दोन्ही काठांना दोन-दोन साधे. नक्षीच्या प्रत्येक पत्त्यात तीन धागे गडद लाल आणि एक पांढरा. काठाच्या पत्त्यांत सगळेच लाल. एकूण अठ्ठेचाळीस धागे, त्यांतले पांढरे फक्त आठ. पहिल्या पत्त्यात पांढरा धागा ‘अ’ भोकात, दुसऱ्यात ‘ब’ भोकात, तिसऱ्यात ‘क’ आणि चौथ्यात ‘ड’ भोकात, आणि पुढचे चार पत्ते याच्या उलट क्रमाने. चार वेळा पुढे फिरवले की पांढऱ्या रेघा मध्यावर एकत्र येतात आणि चार वेळा मागे फिरवले की पुन्हा दूर जातात; असा एक शंकरपाळ्याचा आकार तयार होतो.

हे सांगायला सोपे आहे. कागदावरून वाचायला मला तीन आठवडे लागले. नमुन्याच्या कागदावर चौकटी असतात. उभा रकाना म्हणजे एक पत्ता, आडव्या चार ओळी म्हणजे चार भोके, चौकटीतला रंग म्हणजे त्या भोकातल्या धाग्याचा रंग. इथपर्यंत कोणालाही कळते. पण प्रत्येक रकान्याखाली एक तिरकी रेघ असते, कुठे उजवीकडे झुकलेली, कुठे डावीकडे. ती रेघ सांगते की धागा पत्त्याच्या डाव्या बाजूने शिरून उजवीकडे निघाला पाहिजे की उलट. नवशिका माणूस रंग पाहतो आणि रेघ सोडून देतो. मीही तेच केले. त्यातच अडचण अशी की सगळ्या नमुन्यांत हा संकेत एकसारखा नसतो. कोणी त्या रेघेने पत्त्याचा कल दाखवतो, कोणी धाग्याचा. कोणी भोकांची अक्षरे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लिहितो, कोणी विरुद्ध. म्हणून नवा नमुना हाती आला की आधी दोनच पत्ते ओवून आठ ओळी विणून पाहाव्यात, असा माझा अनुभव आहे. त्यात गेलेला अर्धा तास पुढचे दोन दिवस वाचवतो.

माझ्या पट्टीत शंकरपाळी दिसू लागली खरी, पण डावीकडच्या पांढऱ्या रेघेत एका जागी दाते पडत होते. बाकीची रेघ पेनाने ओढल्यासारखी सलग आणि तिसऱ्या पत्त्यापाशी मात्र करवतीसारखी. पांढरा धागा नेमक्या ओळीत वर येत होता, रंगाचा क्रम बरोबर होता, तरीही दाते जात नव्हते. मी धागे सोडवले, पुन्हा ओवले, आणि कागदाकडे न पाहता पुन्हा तसेच ओवले.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आले, तेव्हा ती पट्टी पत्त्यांसकट रबर लावून पिशवीत घेऊन आले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चादरीच्या कारखान्यात जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे, भोकांचे पुठ्ठे पाडण्याचे काम तीस वर्षे केले आहे. त्यांनी पट्टी खिडकीच्या गजाला बांधायला सांगितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांऐवजी अंगठ्याचे नख त्या पांढऱ्या रेघेवरून हळूहळू फिरवत नेले. तिसऱ्या पत्त्याच्या जागी नख अडले.

“रंग बघू नकोस. धागा कुठल्या बाजूला पडलाय ते बघ,” ते म्हणाले. “बाकीचे सगळे रेघेच्या बाजूने झोपलेत. हा एकटा आडवा पडलाय.”

तेव्हा मला ती कागदावरची तिरकी रेघ पहिल्यांदा समजली. कोणता रंग वर येणार हे भोक ठरवते. वर आलेला धागा कोणत्या बाजूला कलणार हे ओवण्याची दिशा ठरवते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नमुना त्या वेगवेगळ्याच लिहितो. धाग्याचा कल आणि नक्षीची तिरपी रेघ एकाच दिशेला असली की रेघ सलग दिसते, विरुद्ध असली की पायऱ्या पडतात. गड्डी मागे फिरवायला लागलो की रेघेची दिशा बदलते आणि धाग्याचा कलही तिच्याबरोबर बदलतो, म्हणून शंकरपाळ्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत कडा स्वच्छ राहतात. उलट ओवलेला पत्ता दोन्हीकडे दाते पाडतो. धागे सोडवण्याचीही गरज नव्हती. तो एकच पत्ता पुस्तकाचे पान उलटावे तसा उभ्या अक्षावर उलटला आणि मग पांढरा धागा आधीच्या जागी येईपर्यंत फिरवून घेतला. पुढची शंकरपाळी स्वच्छ आली. पत्त्यात एकच धागा वेगळ्या रंगाचा असल्यामुळे हे इतक्या सहज जमले. चारही रंग वेगळे असते तर उलटल्यावर त्यांचा क्रमही उलटला असता.

अण्णांना मात्र दुरुस्तीपेक्षा पत्त्यांचेच नवल वाटत होते. त्यांच्या जकार्डमध्ये एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला हुक ताण्याचा धागा उचलतो, भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर हा अशा शेकडो पुठ्ठ्यांच्या माळेत आधीच लिहून ठेवलेला असतो. माझ्या गड्डीत एक पत्ता म्हणजे ताण्याचे चार धागे, आणि भोके तर सगळ्या पत्त्यांना सारखीच. “मग नक्षी लिहिलीये कुठं?” त्यांनी विचारले. निम्मी ओवण्यात आणि निम्मी फिरवण्यात, असे मी सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे पुठ्ठा हरवला तरी नक्षी हरवत नाही. पण मोजणी चुकली की सगळं गेलं.” ब्रिक्केवेवचे इतके नेमके वर्णन मला वर्गातही ऐकायला मिळाले नव्हते. म्यानमारमध्ये ताडपत्रांच्या पोथ्या बांधायच्या अरुंद फितींवर याच पद्धतीने पूर्ण मजकूर विणत असत, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते एका अक्षराला किती ओळी लागत असतील याचा हिशेब बोटांवर करू लागले.

परत निघताना मी पट्टी घेऊन आले, पण त्यांनी एका जुन्या जकार्डच्या पुठ्ठ्यातून बारा चौकोन कापून घेतले होते. जुनी भोके चुकवून, कोपरे गोल करून. गेल्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे खिडकीच्या गजाला लाल-पांढरा ताणा बांधलेला होता आणि त्यांचा आवाज त्रासलेला होता. वीतभर विणून झाल्यावर पत्ते फिरेनासे झाले होते. मी कॅमेरा पत्त्यांच्या पलीकडे न्यायला सांगितला. तिथे गजापर्यंतचे सगळे धागे दोरासारखे वळून कडक झाले होते.

“अण्णा, मागे किती वेळा फिरवलंत?” मी विचारले.

“मागे कशाला? मी पुढेच फिरवतोय. मला शंकरपाळी नकोत, एकाच दिशेला टोक असलेले नुसते बाण पाहिजेत.”

जेवढा पीळ पट्टीत जातो तेवढाच उलटा पीळ पत्त्यांच्या पलीकडे साठत जातो, हे मी त्यांना सांगितले. बाणच हवे असतील तर गजाची गाठ सोडून एकेका पत्त्याचे धागे विंचरून पीळ काढावा लागेल, नाहीतर जितके पुढे गेलात तितके मागे यावे लागेल. त्यांनी फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि गाठ सोडायला घेतली.