मानेकडून मऊ पडलेली कोळंबी

गटारीच्या आधीच्या रविवारी नाशिकमधल्या आमच्या गाळ्यावर एक काका शिजवलेली कोळंबी डब्यात घेऊन आले. "शिळी दिलीत. नुसतं पीठ झालंय." वास घेतला, कुबटपणा नाही, अमोनियाचा तर मागमूस नाही. एकेक नग दाबून पाहिला. शेपटीकडे मांस घट्ट, मानेकडच्या पहिल्या दोन कड्या मात्र लगदा.

शिळी कोळंबी अशी एकाच टोकाने बिघडत नाही. विचारलं तेव्हा कळलं, शनिवारी सकाळी नेलेली, सोलली की खराब होते म्हणून डोक्यासकट फ्रिजात ठेवलेली. हा समज आम्हा विक्रेत्यांनीच वाढवलाय, कारण डोक्याने वजन भरतं. डोक्यासकट किलोभर घेतली तर सोलून हाती जेमतेम अर्धा किलो येते.

डोक्यात कोळंबीची पचनग्रंथी असते. कोळंबी मेल्यावरही त्या ग्रंथीतले पाचक रस काम करत राहतात आणि शेजारचं मांसच पचवू लागतात. बर्फात हे फार मंदावतं, घरच्या फ्रिजच्या 4-5 अंशांत तेवढं नाही.

म्हणून घरी आल्या आल्या डोकं काढावं. अंगठा मानेच्या कवचाखाली सरकवून पिळत ओढलं की पिवळट-तपकिरी ग्रंथीही सोबत निघते. उरलीच तर पुसून घ्यावी. मग पायांकडून साल उलगडायची, पाठीवर दोनेक मिलिमीटर चीर देऊन काळा दोरा मानेकडून उचलायचा. तुटला तर मधल्या कडीत टूथपिक घालून काढावा. शेवटी वाहत्या थंड पाण्याखाली भराभर धुवून निथळावी. पातेल्यात भिजत ठेवली की चव पाण्यात जाते. हळद-मीठ पंधरा मिनिटं आधी लावलं तर चालतं, लिंबू नको. आंबटाने मांस कच्चंच आवळतं, मग शिजवल्यावर चिवट लागतं. आचेवर मध्यम कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात.

तरी एक शंका जात नाही. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी, त्यामुळे तो माल तळ्यात वाढवलेल्या व्हनामी जातीच्या कोळंबीचा होता. नुकतीच कात टाकलेली कोळंबी तळ्यातून निघाली तर मुळातच मऊ असते. पण ती सबंध अंगाने मऊ लागते, आणि काकांची शेपटीकडे घट्ट होती. आमच्या खोक्यात उरलेल्या नगांची सालही कडक होती. काकांनी साली फेकल्या नसत्या तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. घेताना साल चिमटीत दाबून बघा. कागदासारखी दबली तर तो नग बाजूला काढायला सांगा, विक्रेता कितीही कुरकुरला तरी.