ओक आयलंड : शोधाने पुसलेल्या खुणा

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यालगत, महोन उपसागरात, ओक आयलंड हे सुमारे १४० एकरांचे बेट आहे. तेथील गुप्तधनाचा शोध दोनशेहून अधिक वर्षे चालू आहे. १७९५ मध्ये डॅनियल मॅकगिनिस या तरुणाला जमिनीत एक गोल खळगा दिसला, तो खणताना ठरावीक अंतरावर लाकडी ओंडक्यांचे थर लागले, अशी परंपरागत हकिकत आहे. मात्र ही हकिकत छापून आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, म्हणजे घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी, आणि माझ्या मते या इतिहासाकडे पाहताना हे अंतर सतत ध्यानात ठेवायला हवे.

त्यानंतर ऑन्स्लो कंपनी आली; तिच्या खड्ड्यात, सुमारे नव्वद फुटांच्या पुढे, पाणी भरले. १८४९ मध्ये ट्रूरो कंपनीने काम हाती घेतले. तिच्या लोकांना स्मिथ्स कोव्ह या छोट्या खाडीच्या किनाऱ्यावर दगडी पाट आणि नारळाच्या काथ्याचे थर आढळले, त्यावरून समुद्राचे पाणी मुद्दाम खड्ड्यात सोडणारा सापळा कोणी रचला असावा, हा समज रूढ झाला. त्या किनाऱ्यावर नारळ पिकत नाही, त्यामुळे काथ्याचे कोडे खरोखरच विलक्षण आहे. मात्र बेटाच्या भूगर्भात चुनखडी आणि जिप्सम आहे. अशा खडकात पाण्यामुळे पोकळ्या होतात आणि जमीन आपोआप खचू शकते, हेही तितकेच खरे.

१८६१ मध्ये शेजारी खणलेल्या बोगद्यांमुळे मूळ विवराचा तळ कोसळला आणि त्याच वर्षी पंपाचा बॉयलर फुटून एक कामगार दगावला. १९०९ च्या मोहिमेत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले तरुण फ्रँकलिन रूझवेल्टही सहभागी होते. सर्वांत दारुण दिवस १७ ऑगस्ट १९६५ चा. कुटुंबासह बेटावर राहणारे रॉबर्ट रेस्टॉल विवरात विषारी वायूने बेशुद्ध पडले. त्यांना वाचवायला एकापाठोपाठ एक खाली उतरलेल्यांपैकी त्यांच्या मुलासह तिघांचा आणि स्वतः रेस्टॉल यांचाही अंत झाला. गुप्तधनाच्या गोष्टी रंगवून सांगताना या चौघांना एका ओळीत गुंडाळले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

त्याच वर्षी रॉबर्ट डनफील्ड यांनी मुख्य भूमीपासून बेटापर्यंत भराव घालून रस्ता बांधला, सत्तर टनी क्रेन आणली आणि मूळ जागी शंभर फुटांहून अधिक खोल खणले. पुराव्याच्या दृष्टीने याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल, कारण मातीचे थर एकदा उलटसुलट झाले की १७९५ मध्ये तेथे नेमके काय होते, हे तपासण्याचा मार्गच बंद होतो.

पुढे १९६७ पासून डॅन ब्लँकेनशिप आणि डेव्हिड टोबायस यांच्या ट्रायटन अलायन्सने अनेक वर्षे छिद्रे पाडली, तर २००६ मध्ये रिक आणि मार्टी लगीना या अमेरिकी बंधूंनी या उपक्रमात भागीदारी घेतली. २०१० मध्ये प्रांताने या बेटापुरता स्वतंत्र कायदा केला आणि गुप्तधनाच्या शोधासाठी परवाना आवश्यक ठरवला.